सूरजागडच्या वाटेवरील भाड्याच्या खोल्या

एकत्र कुटुंबात चार पैसे शिल्लक पडू लागले, की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो जागेचा. बँकेतील ठेव कोणास दिसत नाही. घर गावास दिसते. त्यातही भाड्याचे घर म्हणजे दुभती गाय, ही आपल्याकडील समजूत फार जुनी आहे. गाय दूध देते हे खरे. परंतु ती चारा किती खाते आणि भाकड किती महिने राहते, याचा हिशेब मांडणारे गृहस्थ थोडे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस हा हिशेब आज निकडीचा झाला आहे, तो सूरजागडच्या लोहखाणीमुळे.

एटापल्ली तालुक्यातील ही डोंगररांग माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचे स्थान. तेथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीस २००७ साली मिळाला. पुष्कळ वर्षांनी खनिज निघू लागले, तो २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तराहून अधिक वाहने जाळली. पुढे काम खंडित होत राहिले, आणि २०२१ पासून ते नेटाने चालू झाले. तेव्हापासून एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या वाटेवर बाहेरची माणसे आली व त्यांबरोबर खोलीस मागणी आली. पण २०१६ मध्ये याच आशेवर कोणी पाया घातला असता, तर त्याच्या खोल्यांनी मधली वर्षे कशी काढली असती? हा प्रश्न जागेचा दलाल काढीत नाही.

आता एक कल्पित हिशेब मांडू. जागा, बांधकाम, विंधणविहीर व संडास धरून सहा खोल्यांस २४ लाख रुपये लागले. प्रत्येकीस दरमहा ४,००० रुपये भाडे. वर्षाचे २,८८,००० झाले. म्हणजे शेकडा बारा! एवढ्यावर पुष्कळांचा विचार थांबतो. परंतु खोल्या वर्षातून दोन महिने तरी रिकाम्या राहतील असे धरा. ४८,००० गेले. घरपट्टी, दुरुस्ती, पंपाची वीज, राखणदार मिळून ६०,००० गेले. हाती राहिले १,८०,०००, म्हणजे शेकडा साडेसात, आणि त्यावर प्राप्तिकर. स्थानिक कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा. हीच रक्कम शेकडा नऊ व्याजाने कर्जाऊ काढली, तर पहिल्या वर्षी नुसते व्याजच २,१६,००० होईल. मग गाय आपल्या पदरची कणीक खाऊ लागली असेच म्हणावे लागेल.

शिवाय मागणी कोणाची आहे हे पाहावे. जुलै २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरच्या नलिकेचे उद्घाटन झाले. दळलेले खनिज पाण्यात कालवून तीतून वाहून न्यावयाचे, अशी ही योजना. रस्त्यावरची तांबडी धूळ कमी होईल, हे उत्तमच. पण जो माल नळातून जाईल त्यास ट्रकचालक लागणार नाही, आणि चालक नाही तर त्याची खोलीही नाही. उद्या कंपनीने आपल्या नोकरांस स्वतःच्या वसाहतीत ठेवावयाचे ठरविले, तर आपले उरलेसुरले बिऱ्हाडकरूही उठतील. मुंबईत १९२० साली सरकारने विकास खाते काढून मजुरांसाठी हजारो खोल्यांच्या चाळी बांधल्या. पुढे त्यांतील कित्येक खोल्या अनेक वर्षे ओस पडून होत्या. सरकारास ते सोसले. निवृत्त शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीस सोसणार नाही.

सर्वांत मोठी जोखीम मात्र जमिनीची. एटापल्ली तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा वा गहाण असेल तर त्यांची मंजुरी पुरते. विक्रीस व त्याहून दीर्घ मुदतीस राज्य शासनाचीही मान्यता लागते. मंजुरीवाचून झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ धारकाकडे परत जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे; या लोकांच्या जमिनी कशा गेल्या हे ज्यास ठाऊक आहे तो या कायद्यास अडचण म्हणणार नाही. ‘गड्याच्या नावे घेऊ’ ही युक्ती सुचविणारे भेटतात. तो बेनामी व्यवहार होय. १९८८ च्या कायद्याने मिळकत सरकारजमा होऊ शकते.

तेवढ्यानेही भागत नाही. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ हे शब्द आहेत काय, हे पाहावे. पूर्व विदर्भातील अशी जमीन वनजमीनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ठरविले आहे. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर हस्तांतरास परवानगी लागते. अकृषिक वापराची पूर्तता झाली आहे की नाही, तेही तपासावे. हे कागद वकिलास दाखविण्याचे पैसे खर्चात धरावेत. त्यात काटकसर करणारा पुढे दसपटीने देतो.

आमचे मत विचाराल, तर खाणीच्या पायथ्याशी सहा खोल्या बांधण्यापेक्षा गडचिरोली शहरात निर्वेध जागेवर दोन बांधाव्यात. जिल्ह्याच्या कचेऱ्या तेथे आहेत. २०११ पासून गोंडवाना विद्यापीठही आहे. तेथील बिऱ्हाडकरू एकाच धन्याचा नोकर नसतो. तेथेही जमीन आदिवासी खातेदाराची नाही ना, हे पाहणे ओघानेच आले.

बांधकामाविषयी थोडेच. आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध आहे, पण पावती व वाहतूक परवाना असलेलेच घ्यावे. पायात वाळवीचा बंदोबस्त आधीच करावा. मागाहून तो दुप्पट पडतो. भाडेकरार लेखी असावा व नोंदवून घ्यावा, आणि बिऱ्हाडकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी.

राहिला घरातला करार. पैसा वडिलांचा, देखरेख धाकट्या भावाची, भाडे थोरल्याच्या खात्यावर, अशी व्यवस्था आपल्याकडे सर्रास असते. रिकाम्या महिन्याचा तोटा कोणी सोसावयाचा, धाकट्याच्या खेपांचा खर्च कोठून द्यावयाचा, हे पाया खणण्यापूर्वी कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. त्यांत सासरी गेलेल्या मुलींच्याही असाव्यात. पैसा वडिलार्जित मिळकतीतला असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः हिस्सेदार आहे, आणि पुढे विक्रीच्या वेळी सावध खरेदीदार तिची संमती मागितल्यावाचून राहत नाही.