बासष्ट रुपये आठ आणे

(द्वितीय वर्ष कला)

गालिब हे नाव मी प्रथम वाचले ते एका ट्रकच्या मागे. शेराखाली ठसठशीत अक्षरांत 'गालिब' असे रंगवलेले होते. तो शेर गालिबचा नव्हताच, हे कॉलेजात आल्यावर कळले. हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या निम्म्या शेरांची तीच कथा आहे.

गेल्या वर्षी हिंदीच्या सरांनी तासाला बोलता बोलता १९८८ साली दूरदर्शनवर झालेल्या 'मिर्झा गालिब' या मालिकेचा उल्लेख केला आणि "मिळाली तर जरूर पाहा," असे सांगितले. ती मी मोबाईलवर पाहिली, काही भाग दोनदा पाहिले. लेखन-दिग्दर्शन गुलजार यांचे, गालिबच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आणि संगीत जगजितसिंग यांचे. त्याची बेगम झालेल्या तन्वी आझमी या आपल्या उषा किरण यांच्या कन्या. बादशहा बहादूरशहा जफर आहेत सुधीर दळवी, तर गालिबचा प्रतिस्पर्धी जौक आहेत शफी इनामदार. दिल्लीच्या त्या दरबारात आपली माणसे बरीच आहेत म्हणायची!

एका माणसाचे सारे आयुष्य पडद्यावर दाखवायचे तर राजा किंवा सेनापती सोयीचा. लढाया असतात, तह असतात, राज्याभिषेक असतो. गालिबजवळ यातले काही नाही. २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्याला जन्म, १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत मृत्यू, आणि मधल्या एकाहत्तर वर्षांत त्याने केले काय, तर लिहिले. लिहिणे दिसत नाही. त्याचा शिष्य हाली याने लिहून ठेवले आहे की रात्री शेर सुचला की गालिब नाडीला एक गाठ मारी आणि सकाळी एकेक गाठ सोडवीत शेर आठवून उतरवी. दिसण्यासारखे असेल तर एवढेच.

सोहराब मोदींनी १९५४ साली याच कवीवर चित्रपट काढला होता. त्यात भारतभूषण आणि सुरैया होते, आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. पण त्याचा मुख्य धागा प्रेमप्रकरणाचा आहे. गुलजारांच्या मालिकेतही नवाब जान ही गाणारी आहे आणि नीना गुप्तांनी ती भूमिका मनापासून केली आहे. तरीही ते भाग मला थोडे सिनेमासारखे वाटले. मालिका खरी उभी राहते ती घरात, गल्लीत, सावकाराच्या उंबऱ्याशी. आणि माझ्या मते तिचा कणा आहे गालिबच्या पेन्शनचे प्रकरण. मालिकेत ते ओझरते कळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गालिब पाच-सहा वर्षांचा असताना वडील लढाईत मारले गेले. चुलत्याने सांभाळले, पण १८०६ साली तोही हत्तीवरून पडून वारला. चुलता इंग्रजांच्या चाकरीत असल्यामुळे त्याच्या वारसांना फिरोजपूर झिरक्याच्या नवाबाने वर्षाला दहा हजार रुपये द्यावेत, असा लॉर्ड लेकचा हुकूम झाला. त्याच वर्षी दुसरा कागद निघाला. त्यात दहाचे पाच हजार झाले, आणि त्यातलेही दोन हजार भलत्याच माणसाच्या नावावर गेले. गालिबच्या वाट्याला राहिले वर्षाचे साडेसातशे, म्हणजे महिना बासष्ट रुपये आठ आणे. गंमत अशी, की पैसे देणारा हा नवाब नात्याने गालिबच्या बायकोचा सख्खा चुलता. घरच्याशीच भांडण!

पहिला कागद खरा की दुसरा, एवढाच वाद होता. तो कंपनी सरकारपुढे मांडायला गालिब कलकत्त्याला निघाला. लखनौ, बांदा, बनारस असे थांबत, आजारपणे काढीत, कर्ज करीत तो फेब्रुवारी १८२८ मध्ये तिथे पोहोचला आणि नोव्हेंबर १८२९ मध्ये दिल्लीला परतला. १८३१ साली दावा फेटाळला गेला. पुढे विलायतेपर्यंत अर्ज गेले, तरी निकाल तोच राहिला.

याच माणसाविषयी दुसरी गोष्ट सांगतात. दिल्ली कॉलेजात फारसी शिकवण्याच्या जागेसाठी त्याला बोलावणे आले. तो पालखीतून गेला आणि साहेब सामोरे येईपर्यंत बाहेर थांबला. नोकरीसाठी आलेल्याचे असे स्वागत होत नाही, असे कळताच पालखी परत फिरवली. ज्याने पेन्शनसाठी कलकत्ता गाठले, त्याला नोकरीसाठी दोन पावले चालवेनात. मला यात विसंगती वाटत नाही. नोकरी मागायची होती, पेन्शन मात्र हक्काची होती.

पुढची वर्षे मालिकेत भराभर सरतात. कर्ज वाढते. सात मुले झाली, एकही दीड वर्षाचे होऊ शकले नाही. १८४७ साली जुगारापायी तीन महिने तुरुंग. १८५० साली बादशहाकडून किताब आणि महिना पन्नास रुपये. मुलासारखा मानलेला बायकोचा भाचा आरिफ गेला, आणि त्याच्या दोन मुलांना या जोडप्याने घरात घेतले. मग १८५७. बादशहा गेला, वेडा भाऊ त्याच धामधुमीत वारला, पेन्शन बंद पडली. ती सुरू झाली १८६० साली. या साऱ्यात नसीरुद्दीन शाह दाढी पांढरी करून म्हातारे होत नाहीत. बसण्यात, उठण्यात, उत्तर देण्याआधी थांबण्यात ते म्हातारे होत जातात. विनोद मात्र शेवटपर्यंत शाबूत. गालिबची उर्दू पत्रे वाचली की कळते, हा विनोद गुलजारांनी पदरचा घातलेला नाही.

मालिकेतली उर्दू मला सुरुवातीला जड गेली. सेतुमाधवराव पगडींचे गालिबवरील पुस्तक ग्रंथालयातून आणून जवळ ठेवावे लागले. पण आमच्या अण्णांना ती जड गेली नाही, हे सांगितलेच पाहिजे.

आमची तीन एकर जमीन धरणात गेली, ती माझ्या जन्माआधी. वाढीव मोबदल्याचा अर्ज आजोबांनी केला होता. आजोबा गेले, आता अण्णा तारखांना जातात. कागद रेक्सिनच्या पिशवीत असतात आणि पिशवी खुंटीला. मी अकरावीत गेल्यापासून अर्ज मी लिहितो, कारण घरात तेवढे शिकलेला मीच. एका संध्याकाळी मी कलकत्त्याचा भाग पाहत होतो, तेव्हा अण्णा शेजारी येऊन बसले. गझल त्यांना कळली नाही. पण अर्ज, हुकूम, दाखला, मुदत, कर्ज, जप्ती यांतला एकही शब्द त्यांना विचारावा लागला नाही. हे शब्द फारसीतून आपल्या कचेऱ्यांत आले आणि तिथून आमच्या घरात. मी ज्याला काव्याची भाषा समजत होतो, तिचा अर्धा भाग अण्णांना पाठ होता.

भाग संपल्यावर त्यांनी विचारले, "मग मिळालं का रं त्याला पैसं?"

"न्हाई," मी म्हणालो. "बासष्ट रुपये आठ आणेच राहिले."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण गेला तर हुता नव्हं कलकत्त्याला."

पुढचा भाग लावायला त्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी तारीख होती, म्हणून पिशवी खुंटीवरून आधीच काढून ठेवली होती.