बांधावरील गिरिपुष्प आणि हळदीचे खत

वसमत तालुक्यातील हट्टा व आसपासच्या गावांत हळदीचे पीक जिव्हाळ्याचे आहे. ‘वसमत हळदी’स सन २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हळद हे खादाड पीक होय. तिला हेक्टरी निदान २५ टन शेणखत द्यावे, अशी शिफारस आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातील बैल कमी झाले व उकिरडेही लहान झाले. मग एवढे खत आणावे कोठून?

याचे थोडे उत्तर आपल्या बांधावर मिळू शकते. गिरिपुष्प हे मूळचे मध्य अमेरिकेतील, शेंगवर्गीय व बहुवर्षायू झाड आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. शंभर किलो शेणखतात सुमारे अर्धा किलो नत्र असते. तेवढ्याच वाळलेल्या गिरिपुष्पाच्या पाल्यात ते सुमारे अडीच किलो असते. शिवाय मुळे बांधाची माती धरून ठेवतात आणि पिकाची जागा अडत नाही.

बी रात्रभर भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्यांत रोपे तयार करावीत. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर ती बांधावर अर्ध्या मीटर अंतराने लावावीत. फांद्यांचे तुकडेही जगतात. तथापि बियांच्या रोपाचे मूळ खोल जात असल्याने कोरडवाहू शेतात रोपेच लावणे श्रेयस्कर. पहिले वर्ष रोपे शेळ्यांपासून जपावीत.

एक वर्षानंतर जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर छाटणी सुरू करावी. जून, नोव्हेंबर व मार्च या तीन महिन्यांत ती करावी. जूनमधील पाला हळदीच्या वरंब्यांवर पसरावा. त्याने ओल टिकते व तण दबते. नोव्हेंबरचा पाला रब्बीच्या रानात मिसळावा आणि काड्या वाळवून ठेवाव्यात. पुढे हळद शिजविताना त्या सरपणाच्या उपयोगी पडतात. मार्चचा पाला कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा.

शेणखताची सर्व उणीव यातून भरून निघेल असे मात्र समजू नये. या पाल्यात स्फुरद अल्प असते. म्हणून माती तपासूनच उरलेली खतमात्रा ठरवावी. बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याशी आधी बोलावे, आणि त्याच्या पिकावर सावली पडू नये म्हणून छाटणी चुकवू नये.

शेतकरी बंधूंनो, येत्या मृगात एकाच बांधापासून आरंभ करा. गावातील कार्यकर्त्यांनीही प्रथम स्वतःच्या बांधावर हे झाड लावून दाखवावे.