मोटारीचा इतिहास : संशोधनाचे दुर्लक्षित क्षेत्र

आपल्या विद्यापीठांत किल्ले, संतसाहित्य आणि सत्याग्रह यांवर प्रबंध लिहिले जातात. ज्या वाहनाने गेल्या शंभर वर्षांत गाव आणि शहर यांतील अंतराचा अर्थच बदलला, त्या मोटारीचा इतिहास मात्र बहुतांशी हौशी संग्राहकांच्या हाती राहिला आहे. त्यांचे प्रेम अस्सल असले, तरी त्यांची दृष्टी गाडीच्या चकाकीवर अधिक आणि ती चालविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांवर कमी असते. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या मोटार-इतिहासकारांच्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या निबंधांसाठी पारितोषिक ठेवले, त्यामागे हा विषय विद्यापीठीय अभ्यासात रुजावा हाच विचार असणार.

महाराष्ट्रात तर या अभ्यासाला विपुल सामग्री आहे. मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये जनरल मोटर्सने गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली व कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. ज्या कंपन्यांपाशी देशातच सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ जुळणी करू नये, असा अभिप्राय प्रशुल्क आयोगाने १९५३ मध्ये दिला आणि पुढील वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. हा धोरणाचा इतिहास अहवालांतून मिळतो. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण कुर्ल्यात लेथवर काय शिकला आणि ती विद्या घेऊन पुढे कोठे गेला, हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही. कुर्ल्यात बनलेल्या ‘पद्मिनी’ टॅक्सींची मुंबईतील सेवाही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा विषय एस.टी.चा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. त्यानंतर गावोगावी गाडी कशी पोहोचली, याचा स्थानिक इतिहास लिहिला गेला पाहिजे. संध्याकाळी येऊन गावातच थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी ‘मुक्कामाची गाडी’ हाच एका प्रबंधाचा विषय होऊ शकेल. तिच्या वेळेवर भाजीचा बाजार, दवाखान्याची फेरी आणि हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचे शिक्षण अवलंबून असे. चालक-वाहकांच्या जेवणाची व निजण्याची सोय कोणी केली, गाडी बंद झाली तेव्हा कोणाची शाळा सुटली, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत तसेच समाजशास्त्राचेही आहेत. जेथे एस.टी. अपुरी पडली तेथे ‘वडाप’ आणि ‘काळी-पिवळी’ आली. यष्टी, फटफटी, किन्नर हे शब्द लोकांनी स्वतः घडविले. त्यांचा कोश करणे भाषेच्या विद्यार्थ्याला सहज साधेल, आणि हे लेखन मराठीत होणे का आवश्यक आहे हेही त्यातून उमगेल.

साधने दूर नाहीत. आगाराची जुनी वेळापत्रके, परिवहन कार्यालयातील नोंदणी, गाडी सुरू करण्याची मागणी करणारे ग्रामपंचायतींचे ठराव, गॅरेजमधील हिशेबाच्या वह्या, आणि सर्वांत मोलाची म्हणजे वृद्ध मेस्त्री व निवृत्त चालक यांची आठवण. आठवणीत सनावळ्या सरकतात. म्हणून तोंडी माहिती कागदाशी ताडून पाहण्याची शिस्त अध्यापकांनी प्रथम शिकवावी.

येथे विलंब परवडणारा नाही. पहिल्या पिढीतील चालक आज हयात असणे दुर्मीळच. त्यांच्या हाताखाली शिकलेलेही वृद्ध झाले आहेत. कार्यालयांतील बरेचसे अभिलेख मुदत संपताच नियमानुसार नष्ट केले जातात. असे गठ्ठे काढून टाकण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळविणे अधिकाऱ्यांना अवघड नाही. पंचायत सदस्यांनी ठरावांची जुनी पुस्तके विद्यार्थ्यांना ग्रामसेवकासमक्ष पाहू द्यावीत. अध्यापकांनी आरंभी विषय लहानच द्यावा : एक मार्ग, एक गॅरेज किंवा एक थांबा. तयार झालेल्या निबंधाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी त्या गावाच्या वाचनालयात ठेवावी; गावातील वाचक त्यातील चुका नक्कीच दाखवून देतील.