बीज आणि पाणी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात गावोगावी तलाव आढळतात. गावकऱ्यांच्या रोजच्या वापराच्या तलावाला तेथे 'निस्तारी तालाब' म्हणतात. असे तलाव पंचायतीकडून पट्ट्याने घेऊन सहकारी संस्था व बचत गट त्यांत रोहू, कटला आणि मृगळ हे मासे वाढवतात. पावसाळ्यात बीज सोडावयाचे आणि पुढे मासे काढून विकावयाचे, असा हा व्यवसाय आहे. मासे लहानच राहिले, तर वर्षाची कमाई बुडते. अशा वेळी 'बीजच वाईट निघाले' असे म्हटले जाते. परंतु दोष नेहमी बीजाचाच असतो काय?

माशाची वाढ दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे आनुवंशिकता, अर्थात आईबापांकडून आलेले गुण. १९९२ साली भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने एक प्रयोग सुरू केला. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू गोळा करून, त्यांतील वेगाने वाढणाऱ्या कुटुंबांची पिढ्यानपिढ्या निवड केली. त्यातून 'जयंती रोहू' हा वाण तयार झाला. दर पिढीला वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांनी सुधारला.

दुसरी गोष्ट म्हणजे परिस्थिती. तलावात बोटुकल्यांची फार दाटी झाली, खाद्य कमी पडले किंवा पाण्यातील प्राणवायू घटला, तर उत्तम वाणाचा मासाही खुरटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, की प्राणवायू कमी झाला असे समजावे.

प्रजननातही हेच दिसते. रोहूच्या पोटात तलावातही अंडी तयार होतात. परंतु नदीच्या पुराचे वाहते पाणी न मिळाल्याने साचलेल्या पाण्यात तो ती सहसा घालत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून हा अडसर दूर केला. तेव्हापासून बीजासाठी केवळ नदीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

मात्र या सोयीबरोबर एक धोकाही आला. एका मादीपासून लाखो अंडी मिळतात. म्हणून काही बीज केंद्रे मोजक्याच नर-माद्यांवर काम भागवतात. पुढे त्यांच्याच पिलांपासून पुन्हा बीज घेतले, तर जवळच्या नात्यात संकर होतो. मग वाढ मंदावते, व्यंगे दिसतात आणि मरतुक वाढते. यासाठी प्रजनक मासे अधूनमधून दुसऱ्या ठिकाणाहून आणावे लागतात.

म्हणून बीजाला दोष देण्यापूर्वी शेजारचा तलाव पाहावा. त्याच केंद्राचे, त्याच वेळचे बीज तेथे चांगले वाढले असेल, तर आपले पाणी, खाद्य आणि दाटी तपासावी. अनेक तलावांत ते खुरटले असेल, तर बीज केंद्राला प्रजनक माशांविषयी विचारावे. चांगले बीज वाढीची शक्यता घेऊन येते. ती प्रत्यक्षात आणणे पाण्याच्या हाती असते.