‘आधार’ : एका शब्दाचे दोन अर्थ आणि लोकांचा अविश्वास

‘आधार’ हा शब्द बहुतेक भारतीय भाषांनी संस्कृतातून घेतला. परंतु प्रत्येकीने त्याचा पदर वेगळा उचलला. पाणिनीने अधिकरण कारकाची व्याख्याच या शब्दाने केली आहे. मराठीत आपल्याला प्रथम आठवतो तो टेकण्याचा, सावरण्याचा अर्थ. ‘निराधार’, ‘आधारवड’ हे शब्द त्याच कुळातले. तेलुगू व तमिळमध्ये मात्र तो सर्रास पुराव्याच्या अर्थी येतो, आणि मलयाळममध्ये तर ‘आधारम्’ म्हणजे जमिनीचे खरेदीखत. ओळखक्रमांकाविषयी लोकांच्या मनात जो अविश्वास साचला, तो निदान अंशतः या दोन अर्थांमधील अंतरातून उकलतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. माणूस शाळेत वा दवाखान्यात जातो तो पहिल्या अर्थाने. तेथे त्याच्यापुढे उभा राहतो तो दुसरा.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले क्रमांक दिले गेले. त्या काळी योजनेचे घोषवाक्य सामान्य माणसाच्या अधिकाराविषयी होते; पुढे ‘माझे आधार, माझी ओळख’ हे वाक्य रूढ झाले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी हा क्रमांक मागणारी अधिसूचना निघाली आणि देशभर गहजब झाला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात योजना वैध ठरवली. मात्र शाळाप्रवेशासाठी क्रमांकाची सक्ती करता येणार नाही, मुलांच्या नोंदणीस पालकांची संमती हवी, असेही सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत क्रमांक रद्द करून घेण्याची मुभा मुलांना दिली. यानंतर ‘अपार’ हा विद्यार्थी-क्रमांक आला. तोही संमतीवरच, पण त्यासाठी शाळेच्या नोंदीतील नाव आणि आधारवरील नाव जुळावे लागते, आणि येथे आपल्या भाषेची गाठ पडते. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांत भेद उरत नाही. मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या मुलाचा ‘कांबळे’ देवनागरीत परतताना सहज ‘कांबले’ होतो. आईचे माहेरचे नाव तिच्या दाखल्यावर, सासरचे केसपेपरवर. घरच्यांना ही दोन्ही नावे एकाच बाईची. यंत्राला ती दोन माणसे. चूक कोणाची, हे विचारण्याआधी ती दुरुस्त करण्याची पायपीट मात्र पालकांची.

आरोग्याच्या बाबतीत भीती अधिक खोल आहे. जून २०१७ मध्ये क्षयरुग्णांच्या अर्थसाहाय्यालाही आधार जोडले गेले. क्षय किंवा एचआयव्ही असलेला माणूस ओळखीचा दवाखाना टाळून दुसऱ्या तालुक्यात औषध घेतो. अनोळखी राहणे हाच त्याचा आधार असतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर जाहीर झालेल्या आरोग्य मिशनचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. परंतु त्या वर्षी लसीसाठी आधार दाखवलेल्या अनेकांच्या नावे आरोग्य-ओळखक्रमांक परस्पर तयार झाले, आणि ते त्यांना कळले ते प्रमाणपत्रावरून. (‘आधार’, ‘अपार’, ‘आभा’ : नावे ठेवणाऱ्यांना अनुप्रासाचा सोस दिसतो.)

हा अविश्वास यंत्राबरोबर जन्मला, असे मात्र समजू नये. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता येत नाही, हा त्या रागाचा एक भाग होता. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले अक्षरशत्रू शेतकऱ्याला नाडणाऱ्या कारकुनी व्यवस्थेची जी झडती घेतात, ती तुलनेसाठी पुन्हा वाचण्याजोगी आहे. आजचा अंगठा शाईऐवजी काचेवर टेकतो, आणि त्यासोबतचे संमतिपत्र पालकाने वाचलेले असतेच असे नाही. बोलीत ‘संमती दिली’ असे क्वचितच कोणी म्हणतो. लोक म्हणतात, ‘सही मागितली, दिली.’