बालेवाडीत मिळालेलं वर्ल्डकपचं तिकीट

शिवरे गावावरून जाणारा महामार्ग तुम्हाला ठाऊक असेलच. तोच, साताऱ्याकडून येणारा, ज्यावर रात्रंदिवस ट्रक धावत असतात. खेड शिवापूर मागे टाकलं, कात्रजचा बोगदा पार केला, वारजे आणि चांदणी चौक गेले, की पुढे बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच्या जवळून गेले असतील. तर मुलांनो, याच मैदानावर ३० जानेवारी २०२२ ला एका अख्ख्या देशाला फुटबॉलच्या वर्ल्डकपचं पहिलंवहिलं तिकीट मिळालं! देशाचं नाव फिलिपीन्स. आणि ते मिळवलं मुलींनी. त्यांच्या पुरुषांचा संघ आजवर एकदाही वर्ल्डकपला पोचलेला नाही.

झालं असं. महिलांचा आशिया चषक त्या वर्षी मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला होता. दिवस कोरोनाचे, त्यामुळे प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. उपांत्यपूर्व सामन्यात समोर होता तैवानचा संघ. जो जिंकेल तो थेट वर्ल्डकपला जाणार. नव्वद मिनिटं संपली, जादा वेळ संपला, तरी १-१ अशी बरोबरीच. मग पेनल्टी शूटआउट. फिलिपीन्सची गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने दोन पेनल्टी अडवल्या. एवढ्यावर न थांबता तिने स्वतः पुढे येऊन एक पेनल्टी मारली आणि गोलही केला! शेवटी सरीना बोल्डेनने निर्णायक चेंडू जाळ्यात धाडला आणि फिलिपीन्सने शूटआउट ४-३ असं जिंकलं.

पेनल्टी अडवणं किती अवघड असतं, याचा हिशोब करून बघू या का? पेनल्टीची जागा गोलपासून ११ मीटर लांब. चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने आला, तर सेकंदाला साधारण २२ मीटर. म्हणजे ११ मीटर कापायला त्याला लागतो अर्धा सेकंद. डोळ्यांनी चेंडू पाहायचा, मेंदूने ठरवायचं, स्नायूंना निरोप जायचा, यातच जवळजवळ ०.२ सेकंद जातात. उरले ०.३ सेकंद. गोल ७.३२ मीटर रुंद, म्हणजे मधोमध उभ्या असलेल्या गोलकीपरपासून खांब साडेतीन मीटरहून जास्त लांब. चेंडू कुठे गेला ते पाहून मग झेप घ्यायची म्हटलं, तर कोपऱ्यातला चेंडू तिच्या हाताला लागणारच नाही. म्हणून चांगल्या गोलकीपर चेंडूकडे कमी आणि मारणारीच्या अंगाकडे जास्त बघतात. ती न मारणारा पाय कुठल्या दिशेला रोवते, कंबर कुठे वळते, यावरून पायाचा चेंडूला स्पर्श व्हायच्या आधीच अंदाज बांधायचा असतो. मला तर फुटबॉलमधली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

ते ०.२ सेकंद खरे की खोटे, हे घरच्या घरी तपासता येतं. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मैत्रिणीला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा आणि बोट, पट्टीला न लावता. तिने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही चिमटीत पकडायची. बहुतेकांच्या हाती ती १५ ते २५ सेंटिमीटरच्या मध्ये लागते. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला लागला बरोबर ०.२ सेकंद, कारण पडणाऱ्या पट्टीला तेवढं अंतर कापायला तितकाच वेळ लागतो. आता तिला पट्टी सोडण्याआधी खांदा किंचित हलवायला सांगा आणि तुमची नजर तिथे ठेवा. पट्टी आधीपेक्षा लवकर हातात येते का ते पाहा.

पण फिलिपीन्स हा तर बास्केटबॉलवेडा देश. सात हजारांहून जास्त बेटं आणि बेटाबेटावर बास्केटबॉल. मग त्यांच्या मुली फुटबॉलमध्ये इतक्या पुढे गेल्या कशा?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. पुरुषांचा पहिला वर्ल्डकप १९३० मध्ये झाला आणि महिलांचा थेट १९९१ मध्ये, चीनमध्ये. मधली साठ वर्षं मुलींना खेळायचंच नव्हतं असं नाही. १९२० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात महिलांचा सामना बघायला ५० हजारांहून जास्त माणसं लोटली होती! पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी केली. फुटबॉल बायकांसाठी नाही, असं कारण दिलं. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. जर्मनी आणि ब्राझीलमध्येही अशीच बंदी होती. म्हणजे बड्या देशांनी आपल्याच मुलींना कित्येक वर्षं बाहेर बसवून ठेवलं. हा अन्याय होताच. पण त्यामुळे झालं काय, तर पुरुषांच्या फुटबॉलमध्ये शंभर वर्षं पुढे गेलेले देश महिलांच्या फुटबॉलमध्ये तेवढे पुढे नाहीत. आज एखाद्या नव्या देशाने मन लावून सुरुवात केली, तर पाच-सात वर्षांत तो त्यांना गाठू शकतो.

फिलिपीन्सने तेच केलं. २०१८ च्या आशिया चषकात वर्ल्डकपच्या शेवटच्या जागेसाठीचा सामना ते दक्षिण कोरियाशी ०-५ असे हरले होते. मग अमेरिकेत वाढलेल्या फिलिपिनो घरांतल्या मुली शोधल्या, ऑस्ट्रेलियातून अनुभवी प्रशिक्षक ॲलन स्टायचिच यांना आणलं आणि सामन्यांमागून सामने खेळले. ऑलिव्हिया आणि तिची बहीण चँडलर दोघी एकाच संघात होत्या. बालेवाडीनंतर दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ ला, वर्ल्डकपच्या सहयजमान न्यूझीलंडला फिलिपीन्सने त्यांच्याच वेलिंग्टन शहरात १-० ने हरवलं. गोल बोल्डेनचा, हेडरने. शेवटच्या मिनिटांत अफलातून बचाव ऑलिव्हियाचा.

अशीच एक कमाल आपल्या शेजारच्या गोव्यात झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप भारतात होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर आफ्रिकेतल्या टांझानियाच्या मुली उतरल्या. त्यांची ही पहिलीच वेळ. पहिल्या सामन्यात जपानने त्यांच्यावर चार गोल चढवले. तीन दिवसांनी समोर फ्रान्स. तुम्हीच सांगा, कोण जिंकेल? टांझानिया, २-१! मग कॅनडाशी १-१ अशी बरोबरी केली आणि पहिल्याच खेपेला उपांत्यपूर्व फेरी गाठली. टांझानियाच्या शेजारच्या झांबियाचंही तसंच. आपल्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सकडून त्यांनी दहा गोल खाल्ले, पण तीन मारलेही. ते तिन्ही एकट्या बार्ब्रा बांडाचे. दोन वर्षांनी वर्ल्डकपमध्ये तिने पेनल्टीवर मारलेला गोल महिला वर्ल्डकपच्या इतिहासातला १००० वा ठरला.

नव्या संघाला मैदान, प्रशिक्षक आणि सामने तर लागतातच. आणखी एक गोष्ट लागते, तिकडे कोणाचं फार लक्ष जात नाही: गुडघे! गुडघ्याच्या आत एक अस्थिबंध असतो, तो मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवतो. पळता पळता एकदम वळलं किंवा उडी मारून वेडंवाकडं पडलं, की तो तुटू शकतो. ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा निदान दुपटीने जास्त होते आणि बरी व्हायला सहा महिन्यांहून अधिक काळ जातो. म्हणून तयार केलेला एक वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, नाव ‘फिफा ११ प्लस’. धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उड्या, पोटाचे व्यायाम. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींनी तो करून पाहिला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यातली मुख्य शिकवण अशी: उडीनंतर उतरताना गुडघे वाकवून उतरायचं, ते आत एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत, पायाच्या बोटांच्याच रेषेत ठेवायचे. तुम्ही कबड्डी किंवा खो-खो खेळत असाल, तरी याचा उपयोग आहे.

आणि आपल्या मुली? एके काळी त्या आशियात चमकत होत्या. केरळात कोळिकोडला झालेल्या १९८० च्या आशिया चषकात भारत उपविजेता होता, १९८३ मध्येही. पुढे सामनेच कमी होत गेले. इतके, की २००९ मध्ये बराच काळ न खेळल्यामुळे भारताचं नाव जागतिक क्रमवारीतूनच काढलं गेलं. वाचतानाही वाईट वाटतं. २०२२ मध्ये स्पर्धा आपल्याच घरी होती, तर इराणशी ०-० अशी बरोबरी झाल्यावर संघात कोरोना पसरला, सामन्यासाठी लागतात तेवढ्या खेळाडू उभ्या करणंही अशक्य झालं आणि बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये पुण्याची काजोल डिसूझा भारताकडून खेळली. तिथे अमेरिकेने आपल्यावर आठ गोल चढवले.

मग आलं २०२५ साल. थायलंडमधल्या चियांग माई शहरात आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं. ५ जुलैला शेवटचा सामना, थायलंडशी, त्यांच्याच मैदानावर. थायलंड दोन वेळा वर्ल्डकप खेळून आलेला संघ. संगीता बासफोरने दोन गोल मारले. भारत २, थायलंड १. पात्रता फेरीतून आशिया चषकात जाण्याची भारताच्या मुलींची ही पहिलीच वेळ होती.