बी.एस्सी. नर्सिंगची शेवटची दोन वर्षे

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याचा आराखडा भारतीय परिचर्या परिषद ठरवते. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयांची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची शुश्रूषा शिकवली जाते. ताप-नाडी पाहणे, इंजेक्शन देणे, जखमेची पट्टी बदलणे यांवर हात बसतो तो याच काळात. तिसऱ्या वर्षापासून अभ्यासाचा रोख बदलतो. रुग्णाकडे पाहून काय चालले आहे हे ओळखणे, काय आधी करायचे ते ठरवणे आणि त्याची जबाबदारी घेणे, हा पुढच्या चारही सत्रांचा गाभा आहे.

पाचव्या सत्रात बालआरोग्य परिचर्या सुरू होते आणि ती सहाव्यातही चालते. बालकाच्या वाढीचे टप्पे, लसीकरण आणि वजनानुसार औषधाची मात्रा काढणे हा तिचा पाया. आजारी बालकाची तपासणी एका ठरलेल्या क्रमाने करायला शिकवतात. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद मानतात. लक्षणांवरून बालकाची नोंद गुलाबी, पिवळ्या किंवा हिरव्या गटात होते. गुलाबी म्हणजे तातडीने रुग्णालयात, पिवळा म्हणजे केंद्रावर उपचार, हिरवा म्हणजे घरी काळजी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित ठरते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट कुपोषणाच्या प्रश्नामुळे देशभर चर्चेत राहिला आहे. तेथे हा घेर मोजण्यासाठी दंडाला गुंडाळायच्या पट्टीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

याच दोन सत्रांत मानसिक आरोग्य परिचर्या येते. रुग्णाचे बोलणे, भावना, विचार, स्मरण आणि भान यांची पद्धतशीर तपासणी, नैराश्य व स्किझोफ्रेनियाची लक्षणे, व्यसनमुक्ती आणि २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे त्यातले मुख्य भाग. शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय विदर्भात नागपूरला आहे. आत्महत्येचा धोका ओळखण्यासाठी थेट आणि शांतपणे प्रश्न विचारावा लागतो, हे विद्यार्थ्यांना सरावाने शिकावे लागते. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या वऱ्हाडात हा धडा थेट गावच्या उंबरठ्याशी जोडलेला आहे.

समुदाय आरोग्य परिचर्या पाचव्या आणि सातव्या सत्रात विभागली आहे. येथे रुग्ण म्हणजे पूर्ण कुटुंब. पाणी, सांडपाणी, स्वयंपाक, गरोदर स्त्री, मधुमेही आजोबा, या साऱ्यांची नोंद करून शुश्रूषेचा आराखडा बनवायचा असतो. अमरावती शहरात हे काम राजापेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीत होऊ शकते. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडे अंतर, रस्ता आणि कोरकू भाषा यांचाही विचार त्यात करावा लागतो. मैदानी भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० मागे. विदर्भात सिकलसेल आढळतो, म्हणून आनुवंशिक समुपदेशनही महत्त्वाचे ठरते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह याच हिशेबातून येतो.

सहाव्या आणि सातव्या सत्रातील प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग परिचर्या हा सर्वांत कसोटीचा विषय. अमरावतीत डफरीन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा स्त्री रुग्णालय किंवा अकोल्याचे लेडी हार्डिंग रुग्णालय यांच्यासारख्या ठिकाणच्या लेबर रूमचे काम म्हणजे या विषयाचे प्रत्यक्ष रूप. कळा सुरू झालेल्या बाईची प्रगती पार्टोग्राफ या आलेखावर मांडतात. गर्भाशयाचे मुख चार सेंटिमीटर उघडले की नोंद सुरू होते. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजतात. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. आलेख सावधानतेची रेषा ओलांडून उजवीकडे सरकला, की बाईला मोठ्या रुग्णालयात हलवण्याची तयारी करायची. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव माता दगावण्याचे मोठे कारण आहे. बाळाचा रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ॲपगार गुणांक काढतात. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास मिळवून देण्याचा सराव आधी पुतळ्यावर करून घेतात.

यांच्या जोडीला चार विषय आहेत. न्यायवैद्यक परिचर्येत अत्याचारपीडितेची सन्मानाने काळजी घेणे, पुरावा न बिघडवता सीलबंद करणे आणि २०१२चा पोक्सो कायदा शिकवतात. शिक्षणतंत्रात पाठ आखणे, व्यवस्थापनात ड्युटीचे वेळापत्रक, औषधसाठा आणि वॉर्डातील माणसांची वाटणी येते. संशोधन व संख्याशास्त्रात विद्यार्थी गटाने एक छोटा प्रकल्प पुरा करतात.

आठवे सत्र आंतरवासितेचे. समुदाय, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि प्रसूती यांना प्रत्येकी चार आठवडे, प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेला सहा, असे एकूण २२ आठवडे, आठवड्याला ४८ तासांप्रमाणे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते; पदवी मिळण्यापूर्वी मात्र प्रात्यक्षिक पोस्टिंगची उपस्थिती १०० टक्के भरून काढावीच लागते. रुग्णाजवळ न घालवलेला दिवस पुस्तकाने भरून निघत नाही, हे या नियमामागचे तत्त्व आहे.

पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी होते. त्यानंतर अधिपरिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, शिक्षिका किंवा एम.एस्सी. असे मार्ग खुले होतात. डॉक्टर पोचेपर्यंतच्या वेळात रुग्णाचे काय होईल, हे बहुधा परिचारिकेच्या निर्णयावर ठरते. म्हणून ही दोन वर्षे भरपूर रुग्ण, पुरेसे शिक्षक आणि खऱ्या सरावाने घडवणे ही महाविद्यालये आणि शासन या दोघांचीही जबाबदारी आहे.